चौकला थांबायची ती कोणती गाडी?

खालापूर तालुक्यात रेल्वे तीन बाजूंनी येते. कर्जतहून सुटलेला फाटा पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला संपतो. पनवेल–कर्जत लाईन चौकवरून जाते. रसायनीच्या कारखान्यांकडे दिवा–पनवेल–रोहा लाईन तालुक्याच्या कडेला लागून जाते. एवढं असून ज्या गावाच्या नावाने तालुका आहे त्या खालापूरला मात्र स्टेशन नाही. तहसील कचेरीत दाखल्यासाठी यायचं तर खोपोलीला उतरून पुन्हा रस्ता धरावा लागतो. चौकची गोष्ट तर आणखी लागणारी. तिथे रूळ आहेत, त्यावरून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, पण सकाळी पनवेलला कामाला निघालेल्या माणसाच्या कामाची लोकल गेली कैक वर्षं नाही.

अशा ठिकाणी जुनी का होईना, एक-दोन डब्यांची डिझेल रेल्वेबस का सोडत नाहीत, हा प्रश्न सहज सुचणारा आहे. रेल्वेबस म्हणजे वेगळं इंजिन नसलेली गाडी. बसला असतं तसं इंजिन डब्याखालीच, ड्रायव्हर त्याच डब्याच्या टोकाला, टोकाच्या स्टेशनात इंजिन फिरवायची भानगड नाही. मथुरा–वृंदावनच्या मीटरगेजवर असा एकच डबा वर्षानुवर्षं धावला. कर्नाटकात जोगच्या धबधब्याकडे जाणाऱ्या तालगुप्पा फाट्यावरही रेल्वेबस होती. मग आपल्याकडे काय हरकत?

हरकत आहे, आणि ती साधी नाही. या वादाचे दोन सूर मी पुढे एका मामा-भाचीच्या तोंडी घातले आहेत. माणसं कल्पित, वाद खरा. मामा कर्जतला रेल्वेतून निवृत्त झालेले. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावण्यात त्यांची उमर गेली. भाची चौकची, नोकरी पनवेलला.

मामा: अगं बाय, रूळ आहेत, गाव आहे, माणसं आहेत. कमी आहे ती फक्त गाडी. मग नवी येईस्तोवर जुनी चालवा की. दोन डबे, डिझेलवर, सकाळी तीन फेऱ्या, संध्याकाळी तीन. चौकच्या पोरींना हायवेवर इकोला हात दाखवत उभं राहायला नको.

भाची: हात मीच दाखवते रोज, त्यामुळे गाडी नको असं मी म्हणणारच नाही. पण ‘नवी येईस्तोवर’ या बोलीवर आलेली जुनी गाडी किती वर्षं राहते, ते आधी बघ. इंग्लंडात 1980 नंतर फाट्यांवरच्या जुन्या डिझेल गाड्या मोडकळीला आल्या आणि पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी लेलँडच्या नॅशनल बसचा सांगाडा घेतला, खाली मालडब्यासारखी चार चाकं दिली आणि गाडी म्हणून रुळावर सोडली. पेसर म्हणायचे तिला. एकट्या 142 क्रमांकाच्या वर्गात दोन-दोन डब्यांच्या 96 गाड्या बांधल्या. अंदाज वीसेक वर्षांचा होता. शेवटची पेसर रोजच्या धावेतून गेली 2021 मध्ये.

मामा: म्हणजे पस्तीस वर्षं चालली! मी याला दोष म्हणणार नाही. कितीतरी फाटे तिच्यामुळे जगले असतील. जर्मनीतही तेच झालं. 1950 नंतर उर्डिंगेनच्या कारखान्यातल्या लाल रेल्वेबस आल्या आणि खेड्यापाड्यांचे फाटे, जे वाफेच्या इंजिनाच्या खर्चात बुडाले असते, ते आणखी कितीतरी वर्षं तगले. रोज गाडी धावते तोवर त्या लाईनीला कुणी हात लावत नाही. धावायची थांबली की आधी स्टेशनमास्तर जातो, मग रुळात गवत येतं, मग बाजूच्या जमिनीवर घरं येतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

भाची: तगले, मान्य. पण पेसर धावल्या कुठे तेही बघ ना. मँचेस्टर, लीड्स, न्यूकॅसलच्या आसपास, वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांत, डेव्हनमध्ये. लंडनला रोज कामावर जाणाऱ्या साहेबाच्या वाट्याला ती कधी आली नाही. गाडी तीच, देश तोच, सरकार तेच. कुठल्या भागातल्या माणसाचा वेळ आणि कंबर स्वस्त धरली, त्याचा तो नकाशा झाला. आणि ती गेली कशामुळे? अपंगांना चढता-उतरता आलं पाहिजे या नियमाची मुदत 2019 अखेर संपत होती म्हणून. 2015 मध्ये तिथल्या वाहतूकमंत्र्यांनी नव्या गाड्यांची अट घातली, तीही आपल्याच अधिकाऱ्यांचा सल्ला बाजूला ठेवून. खर्चाच्या हिशेबात बदल परवडत नव्हता म्हणे.

मामा: अगं, पण वीस वर्षं चौकच्या माणसाला काहीच नाही, यापेक्षा खडखडणारी गाडी वाईट?

इथे मामांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांच्याच मातीतली आहे. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीला पोचली. बोरघाट चढायचा लोहमार्ग तेव्हा नव्हताच. 1858 मध्ये वर खंडाळा–पुणे लाईन सुरू झाली. खाली गाडी, वर गाडी, मधे घाट. पाच वर्षं प्रवासी हा मधला टप्पा पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून ओलांडत होते. 1863 मध्ये घाटाची लाईन पुरी झाली, तोवर कुणी दोन्ही टोकांच्या गाड्या बंद ठेवल्या नाहीत. अपुरी सोयसुद्धा सोयच असते, हे मामांचं म्हणणं आपल्या रेल्वेच्या इतिहासात पहिल्या दहा वर्षांतच खरं ठरलेलं आहे.

भाची: घाटाचं उदाहरण निघणार हे मला ठाऊक होतं. पण ते पुरतं बघ. त्या पाच वर्षांत घाटात हजारो माणसं राबत होती, कित्येक मेली. पालखीची सोय चालू होती आणि शेजारी बोगदे खोदले जात होते. आणि घाट झाल्यावर खोपोलीचं काय झालं? मुख्य लाईन कर्जतहून वर चढली आणि खोपोली फाट्याच्या टोकाला राहिली. 1915 मध्ये टाटांचं वीजघर खोपोलीत आलं, मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, पुढे कारखाने आले, तरी गाडीच्या बाबतीत खोपोली टोकच. म्हणून मला तुझ्या रेल्वेबसची एवढी भीती वाटते. एकदा ‘चौकला ती डिझेल जाते ना’ असं कागदावर लिहिलं गेलं की पुढच्या माणसाला काम झाल्यासारखं वाटतं.

मामा: आणि काहीच लिहिलं नाही तर? कागद कोरा राहतो तेव्हा कुणाला काय वाटतं?

या प्रश्नाला भाचीकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. कोऱ्या कागदाने चौकवर वर्षानुवर्षं अन्यायच केलेला आहे.

पण या वादात एक गाठ अशी आहे जी गाडीच्या वयावर अवलंबून नाही. ती सोडवायला मामांसारखाच माणूस लागतो, कारण ती कामावर असताना कळते.

मामा: आता मीच माझ्याविरुद्ध बोलतो, ऐक. एकेरी लाईनीवर दोन स्टेशनांमधला तुकडा म्हणजे ब्लॉक. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी येत असेल तर स्टेशनात लूप लाईनीवर उभं राहायचं. आता दोन डब्यांची गाडी सोडली काय आणि चोवीस डब्यांची सोडली काय, ब्लॉक तेवढाच अडतो. उलट छोटी गाडी दर स्टेशनाला थांबणार, म्हणजे जास्तच वेळ अडवणार. कंट्रोलरला विचार. मालगाडी उभी ठेवून साठ माणसांची रेल्वेबस पुढे काढ म्हटलं तर तो काय म्हणेल?

भाची: म्हणजे चौकला गाडी नव्हती, ती गाड्यांच्या तुटवड्यामुळे नव्हती?

मामा: गाडी नव्हती हे खरं, पण रस्ताही नव्हता. पनवेल–कर्जत एकेरी लाईन. तारा आहेत तिच्यावर, मग तसं बघितलं तर डिझेलची गरजच काय, विजेवरची मेमू चालली असती. दिवा–पनवेल–रोह्याकडे डिझेलच्या डेमू होत्या, तारा आल्या आणि मेमू आल्या. इथे अडलं ते गाडीपायी नव्हे, रुळावर जागा नाही म्हणून. आणखी एक सांगतो. हलकी गाडी आणि गंजलेला रूळ एकत्र आले की ट्रॅक सर्किटला वर गाडी उभी आहे हे कळेलच असं नाही. चाकाने रुळाला नीट टेकून वीज इकडून तिकडे न्यावी लागते. विलायतेत पेसरना त्यासाठी वेगळं उपकरण बसवलं होतं. सिग्नलला न दिसणारी गाडी, विचार कर.

मला या साऱ्या वादाचं मर्म इथे दिसतं. एक-दोन डब्यांची डिझेल गाडी जगात जिथे जिथे नीट रुजली, त्यातल्या बहुतेक लाईनींवर दुसऱ्या कुणाची गर्दी नव्हती. मथुरा–वृंदावनच्या मीटरगेजवर मालगाडी तिची वाट अडवत नव्हती. जर्मन फाट्यांवर दिवसातून मोजक्या गाड्या. पेसर मात्र मँचेस्टरसारख्या गजबजलेल्या स्टेशनांतही शिरायच्या, आणि तिथे एका लहानशा गाडीने पूर्ण प्लॅटफॉर्म आणि पूर्ण वेळ खाणं सगळ्यांना महागात पडायचं. रेल्वेबसचा पल्ला डिझेलच्या टाकीने ठरत नाही, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या रुळांनी ठरतो. चौकची लाईन टाकून दिलेली नाही. ती मालवाहतुकीला हवी आहे, पुण्याच्या गाड्यांना हवी आहे. फक्त चौकसाठी ती कुणाला नको होती. म्हणून रेल्वेबस हे तिथलं औषध नव्हे, असं मला स्पष्ट वाटतं.

मामांचं मन मात्र एका ठिकाणी हटत नाही, आणि ते ठिकाण कर्जत तालुक्यातच आहे.

मामा: मग नेरळचं काय? तिथेही डिझेल मोडीत काढणार?

मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण 2023 मध्ये पुरं झालं. आता या रेल्वेवर रोजच्या प्रवाशांसाठी डिझेलवरच चालणारी लाईन बघायची तर नेरळला यावं लागतं. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने ही नेरळ–माथेरान लाईन 1907 मध्ये सुरू झाली. दोन फुटांचा गेज, वीसेक किलोमीटर, कुठे कुठे वीस फुटांमागे एक फूट चढ. पहिली वाफेची इंजिनंसुद्धा खास होती. तीव्र वळणावर चाकांचे आस बाजूला सरकतील अशी त्यांची घडण होती. 1955 च्या सुमारास जर्मनीच्या युंग कंपनीची छोटी डिझेल इंजिनं आली आणि हळूहळू वाफ मागे पडली.

भाची: ती रेल्वेबस नाही मामा, पुढे इंजिन लावलेली गाडी आहे.

मामा: नाव सोड गं. जुनं डिझेल, छोटी गाडी, दुसरं काही पोचत नाही अशी जागा. मुद्दा तोच आहे. दस्तुरीनाक्याच्या पुढे मोटार जात नाही. पावसाळ्यात नेरळकडची गाडी बंद होते, तरी अमन लॉज ते माथेरान शटल चालू राहते. तीन किलोमीटर असतील फार तर. पण वर राहणारा माणूस, शाळेचं पोर, आजारी म्हातारी, गॅसचा सिलिंडर, भाजीची टोपली, हे सगळं त्या शटलवर आहे. टूरिस्ट येतो फोटो काढायला. गावाचं पोट त्यावर चालतं.

भाची: शटलबद्दल मी तुझ्याशी वाद घालणारच नाही. ते चाललंच पाहिजे. पण त्याच लाईनीने जुन्या गाडीची किंमतही दाखवलीय. पूर्वी डब्यांच्या मधे ब्रेकवाला बसायचा. ड्रायव्हरची शिट्टी झाली की तो हाताने चाक फिरवून ब्रेक लावायचा. वळणावर झाडाची फांदी अंगाशी यायची, पावसात हात निसटायचा, तरी त्याच्या मनगटावर सगळी गाडी. मे 2016 मध्ये आठवड्याभरात दोनदा डबे रुळावरून उतरले आणि सेवा बंद पडली. त्यानंतर एअर ब्रेक बसवले गेले. म्हणजे शंभर वर्षं ब्रेकवाल्याच्या मनगटावर चाललं, कारण ‘टॉय ट्रेन आहे, चालतं’. चालतं म्हणत ढकलायची ही सवय मला नको आहे.

मामा: मनगट मजबूत होतं, म्हणून चाललं.

भाची: होतंच. ब्रेकवाल्याला दोष कोण देतंय? त्याला एवढी वर्षं तसंच राबवलं, हे बोचतं.

मामा यावर गप्प झाले असते, असं मला वाटतं. बँकर जोडताना बफरांच्या मधे वाकलेला माणूस त्यांनी आयुष्यभर पाहिलेला आहे.

नेरळ–माथेरानकडे पाहिलं की पल्ला कशाने ठरतो हे आणखी ठळक होतं. दोन फुटी गेजवरचं इंजिन पुण्याला जाऊ शकत नाही, कल्याणच्या शेडमधलं नेरळच्या घाटात चढू शकत नाही. बंगळुरूच्या सॅन कंपनीने बांधलेली याच गेजची नवी डिझेल इंजिनं दोनच घाटांसाठी उपयोगी: एक दार्जिलिंग, दुसरा माथेरान. मधे आख्खा देश. इंजिन असं अडकून पडलं की सुटे भाग दुर्मीळ होतात, मिस्त्री निवृत्त झाला की त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते, आणि एखादा मोठा पाऊस सगळं थांबवतो. 26 जुलै 2005 च्या पावसाने ही लाईन उखडली ती 2007 मध्ये, शंभरी भरताना पुन्हा जोडली गेली. 2019 च्या पावसानंतर नेरळहून वरपर्यंतची गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. माथेरानसाठी हा खर्च सोसावाच, असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे पर्याय खरोखर नाही. चौकला पर्याय आहे.

विदर्भातल्या शकुंतलेचीही याच ओघात आठवण होते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही कापसाची अरुंद लाईन. 1994 मध्ये वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, पण रूळ, पूल, सिग्नल पूर्वीचेच. वेग उतरत उतरत इतका आला की माणसं एसटीकडे वळली, आणि माणसं वळली म्हणून पैसा आला नाही. शेवटी गाडी थांबली. तिकडची माणसं अजून ब्रॉडगेज मागत आहेत. इंजिन बदललं की लाईन जगते हा समज तिथे खोटा ठरला.

भाची: तुला एक सांगू? तुझी रेल्वेबसची कल्पना मुळात चूक नाहीच. डब्याखाली मोटर, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन, इंजिन फिरवायची भानगड नाही. तीच कल्पना आता भारीतल्या गाडीत आली आहे. 10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती बोरघाट बँकर न लावता चढते.

मामा: आणि कर्जतला थांबत नाही. बँकरसाठी थांबावं लागायचं म्हणून कर्जत होतं. सगळ्या गाड्या थांबायच्या, वडे खपायचे. आता गाडीला आमची गरज नाही, मग गावाची तरी कशाला असेल?

मामांचं हे दुःख मला खरं वाटतं. सदतीस फुटांमागे एक फूट अशी ती चढण गाड्यांना कर्जतला थांबायला लावत होती, आणि त्या सक्तीच्या थांब्यावर एक गाव उभं राहिलं. गाडी जितकी समर्थ होते तितकी ती मधल्या गावाला विसरू शकते. पण म्हणून दुबळी गाडी मागणं बरोबर नाही. थांबा हा गाडीच्या दुबळेपणातून मिळाला तर तो दुबळेपणाबरोबरच जातो. तो वेळापत्रकात हक्काने लिहून घ्यावा लागतो.

भाची: म्हणून मी नवीन लाईनीच्या बाजूची. मुंबई रेल विकास कॉर्पोरेशनने पनवेल–कर्जत उपनगरी लाईन हाती घेतली, 29.6 किलोमीटर, जुन्या एकेरी लाईनीपासून वेगळी, दुहेरी. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत अशी पाच स्टेशनं. नढाळ, किरवली आणि वावर्ले असे तीन बोगदे. वावर्ल्याचा तर 2,625 मीटर, पारसिकच्या बोगद्याहून लांब. तू म्हणतोस तो ब्लॉकचा प्रश्न असा सुटतो. मालगाडीशी भांडायलाच नको.

मामा: सुटतो, हे मी मानतो. तो बोगदा बघून मलाही बरं वाटतं. पण बाय, लोकल बारा डब्यांची असेल, आणि बारा डबे भरणार नाहीत असं वाटलं की फेऱ्या कमी ठेवतील. खोपोलीचं बघतेस ना? लाईन आहे, वीज आहे, मोठी लोकल आहे, आणि एक गाडी चुकली की पुढच्या गाडीला तास-तास ताटकळणं. छोटी गाडी असती तर दर अर्ध्या तासाला सोडता आली असती, एवढंच माझं मागणं आहे. जुनी नको म्हणतेस तर नवी छोटी आण. डिझेल नको तर विजेवरची आण. पण छोटी आण आणि वारंवार आण.

भाची: हे आधी का नाही बोललास? यावर मी आत्ता सही करते.

मामा: आधी तू मला पेसर-पेसर करत इंग्लंडात नेलंस.

म्हणजे दोघांचं भांडण जुन्या-नव्याचं राहिलंच नाही. फाट्यावर बारा डब्यांची गाडी तासाने सोडायची की तीन-चार डब्यांची वीस-तीस मिनिटांनी, हा आता त्यांचा प्रश्न आहे, आणि खोपोली फाट्यासाठी तो लगेच विचारण्याजोगा आहे. तिथेही लाईन एकेरी आहे, त्यामुळे फेऱ्या वाढवायच्या तर मधल्या एखाद्या स्टेशनात समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देता आली पाहिजे. तो खर्च बोगद्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. चौकला मात्र पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी मागून ठेवाव्यात. रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांची दुसरी पाळी सुटल्यावर पनवेलहून एक गाडी मिळालीच पाहिजे. आणि खालापूर तहसिलीकडे जाणारी एसटी चौक स्टेशनच्या दारात, गाडीच्या वेळेला उभी पाहिजे.

भाची: आणि प्लॅटफॉर्म डब्याच्या उंचीला हवा. आई गुडघ्याने चढू शकत नाही.

मामा: तेही लिही. सगळ्यात वर लिही.